‘सगळं नॉर्मल होतं’

कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक दवाखान्यात एक आई तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसली आहे. नर्स तिच्या हातात एक कागद देते. त्यावर दहा प्रश्न आहेत. वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी घरातलं मोठं माणूस तुम्हाला वरचेवर मारायचं का? टाकून बोलायचं, हिणवायचं का? कुणी वाईट हेतूने अंगाला हात लावला का? आईवडील वेगळे झाले का? आईला मार खाताना पाहिलंत का? घरात कुणाला दारूचं किंवा नशेचं व्यसन होतं का? कुणी तुरुंगात गेलं होतं का? कुणाला मानसिक आजार होता का? पोटभर जेवण नाही, अंगावर धड कपडे नाहीत, असे दिवस होते का? या घरात आपल्यावर कुणाची माया नाही, असं वाटायचं का?

ती कागद खालीवर बघते आणि स्पॅनिशमध्ये म्हणते, "तोदो नोर्माल." सगळं नॉर्मल होतं. प्रत्येक ‘हो’ला एक गुण असतो. तिच्या कागदावर शून्य पडतो.

ही कुणी एक बाई नाही. अनेकींच्या आयुष्यातले तुकडे जोडून मी तिला उभी केली आहे. लॅटिन अमेरिकेतून अमेरिकेत आलेल्या आयांच्या बालपणाबद्दल बोलताना एक माणूस डोळ्यांसमोर असलेलं बरं, नाहीतर हा विषय लगेच तक्त्यांमध्ये हरवतो. तिचा जन्म १९९०च्या आसपास ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ वेवेतेनांगो प्रांतात झाला. आता ती ओकलंड शहरातल्या फ्रूटवेल भागात राहते आणि लोकांची घरं साफ करते. तिच्या त्या शून्यात काय दडलं आहे, ते उलगडून बघू.

हे दहा प्रश्न आले कुठून?

त्यांची गोष्ट सुरू होते वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात. १९८०च्या दशकात सॅन दिएगोमध्ये काइझर पर्मनेन्ते या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे काम बघत होते. त्यांना एक गोष्ट समजेना. ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं, नेमके तेच लोक मध्येच उपचार सोडून जात होते. का, ते शोधायला त्यांनी एकेकाला गाठून मुलाखती सुरू केल्या. एकदा बोलताना त्यांची जीभ अडखळली. पहिला शारीरिक संबंध आला तेव्हा वय किती होतं, असं विचारायचं होतं. तोंडून गेलं, वजन किती होतं. समोरची बाई म्हणाली, "चाळीस पौंड." म्हणजे साधारण अठरा किलो. ती तेव्हा चार वर्षांची होती, आणि तो माणूस तिचा बाप होता.

मग एकामागून एक अशा कहाण्या निघत गेल्या. वाढलेलं वजन हा आजार आहे असं डॉक्टर समजत होते. त्यातल्या कित्येकांसाठी ते चिलखत होतं.

पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले डॉ. रॉबर्ट अँडा आणि फेलिटी यांनी मिळून १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून जास्त लोकांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. १९९८ साली पहिले निष्कर्ष छापून आले. सगळ्या उत्तरांचा मिळून हिशेब केला तर जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी निदान एक तरी वाईट अनुभव सांगितला होता. आठातल्या एकाने चार किंवा अधिक सांगितले होते. अशा लोकांना दारूचं वा नशेचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट होता. हृदयविकार, यकृताचे आजार, फुप्फुसाचे आजार यांचंही बालपणाशी नातं दिसलं. चाळीस वर्षांपूर्वीचा मार चाळीस वर्षांनी छातीत दुखू शकतो, हे इतक्या मोठ्या संख्येने तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

पण हे लोक कोण होते, ते नीट लक्षात घ्यायला हवं. ते बहुतेक गोरे होते, मध्यमवर्गीय होते, बरेचसे कॉलेजात गेलेले होते आणि सगळ्यांकडे आरोग्यविमा होता. त्यामुळे प्रश्नही त्यांच्या जगाच्या मापाचेच निघाले. दहाच्या दहा प्रश्न घराच्या चार भिंतींच्या आतले आहेत. दाराबाहेर सैन्य उभं होतं का, हे त्यात कुणी विचारत नाही. आई-बाप पोटासाठी परदेशात निघून गेले का, हेही नाही. नंतर फिलाडेल्फियात आणि जागतिक आरोग्य संघटनेत ही यादी वाढवली गेली. वस्तीतली हिंसा, भेदभाव, युद्ध असे प्रश्न आले. पण सर्वात जास्त वापरली जाते ती अजून ती जुनीच यादी.

शून्याच्या आत

ग्वाटेमालात १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं यादवी युद्ध चाललं. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला: दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, ज्या बळींची ओळख पटली त्यातले ८३ टक्के माया आदिवासी होते, अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी सैन्य आणि सरकारच्या बाजूच्या दलांवर होती. सर्वात भीषण काळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. डोंगरातली गावंच्या गावं जाळली गेली. उरलेल्या पुरुषांना सैन्याने सक्तीने ‘नागरी गस्ती’त भरती केलं आणि शेजाऱ्यालाच शेजाऱ्यावर पहारा करायला लावलं.

आपल्या या आईचा बाप तेव्हा पोरगेला होता. त्याला गस्तीवर जावं लागलं. त्याने तिथे काय पाहिलं, काय करायला लागलं, हे तो घरी कधी बोलला नाही. पुढे तो प्यायला लागला. प्यायला की बायकोला मारायचा, कधी पोरांना. युद्ध सरकारी कागदावर डिसेंबर १९९६ मध्ये संपलं. या घरात ते संपलं नाही.

आता कागदावरचा पहिला प्रश्न पुन्हा वाचा. "मोठं माणूस तुम्हाला मारायचं का?" तिच्या भाषेत त्याला मारणं म्हणत नाहीत. स्पॅनिशमध्ये शब्द आहे कोर्रेखिर, म्हणजे सुधारणे. आपल्याकडे ‘वळण लावणे’ म्हणतात, अगदी तसाच. बापाने वळण लावलं, सगळ्यांचेच बाप लावायचे, त्यात सांगण्यासारखं काय? ती खोटं बोलत नाही. ज्या गावात प्रत्येक घरात हेच चाललं होतं, तिथे याला वेगळं नाव देणारं कुणी नव्हतंच.

ती सात वर्षांची असताना आई-बाप ‘एल नोर्ते’ला गेले, म्हणजे उत्तरेला, अमेरिकेत. पोरं आजीकडे राहिली. आजी म्हणजे आबुएला, लाडाने आबुएलिता. दोन वर्षांत परत येऊ, असं सांगून गेले होते.

ते परत का आले नाहीत, याला एक ठोस कारण आहे आणि ते फार कमी लोक सांगतात. पूर्वी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले मजूर हंगामाला जायचे आणि परत यायचे. सीमा ओलांडणं सोपं नव्हतं, पण येण्याजाण्यासारखं होतं. १९९४ मध्ये सॅन दिएगोजवळच्या सीमेवर मोठा बंदोबस्त सुरू झाला आणि रस्ते वाळवंटाकडे ढकलले गेले. १९९६ च्या कायद्याने, बेकायदा राहून बाहेर पडलेल्यांना तीन किंवा दहा वर्षं परत येण्याची बंदी घातली. सीमा पार करून देणाऱ्या दलालाचे, ज्याला ‘कोयोते’ म्हणतात त्याचे, दर वाढत गेले. म्हणजे लोकांना बाहेर ठेवायला बांधलेल्या भिंतीने आत आलेल्यांना आतच कोंडलं. बाप हंगाम संपवून घरी येऊ शकेना. आई पोराच्या वाढदिवसाला फोनवर रडू लागली. दोन वर्षांची नऊ वर्षं झाली.

सोळाव्या वर्षी तीही निघाली. मेक्सिकोतून, मालगाडीच्या टपावर बसून जाण्याचा तो रस्ता मुलींसाठी काय असतो, ते इथे तपशिलाने लिहिण्याची गरज नाही. ती पोचली. आईला भेटली. आणि इथे एक गोष्ट घडली जी बाहेरच्याला चटकन कळत नाही: ती आईजवळ आल्यावर आजारी पडली. कारण तिच्यासाठी हा मिलाप नव्हता, ही दुसरी ताटातूट होती. सातव्या वर्षी आई गेली, तेव्हा आजी आई झाली. सोळाव्या वर्षी ती आजीही सुटली, आणि समोर जी होती ती नऊ वर्षांत फोनवरचा आवाज बनलेली एक बाई. कॅरोला स्वारेझ-ओरोझ्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नव्याने आलेल्या सुमारे चारशे मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातली ८५ टक्के मुलं स्थलांतराच्या ओघात आई, बाप किंवा दोघांपासूनही काही काळ तुटलेली निघाली. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो. म्हणजे ताटातूट हा अपवाद नाही, स्थलांतराचा तो नेहमीचा रस्ता आहे.

दहा प्रश्नांत याला जागा कुठे आहे? "आईवडील वेगळे झाले का?" या प्रश्नाला ती नाही म्हणते. ते एकमेकांपासून वेगळे झालेच नाहीत. ते तिच्यापासून वेगळे झाले.

तोंडाला कुलूप का?

स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे: ला रोपा सुसिया से लावा एन कासा. मळके कपडे घरातच धुवायचे. आपण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो. ‘एल के दिरान’ म्हणजे ‘लोक काय म्हणतील’. याचं तर भाषांतरही करायला नको. आणि बाईच्या बाबतीत सर्वात वजनाचा शब्द आहे आग्वान्तार: सोसणे, रेटून नेणे, ब्र न काढणे. आग्वान्तार करते ती चांगली बाई. तिच्या आईने सोसलं, आजीने तर युद्ध सोसलं. त्यांच्यापुढे आपलं काय घेऊन बसायचं?

मनाचं दुखणं या समाजात वेगळ्या नावांनी बोललं जातं. नेर्व्हिओस, म्हणजे नसा बिघडल्या आहेत, जीव थाऱ्यावर नाही. सुस्तो, म्हणजे मोठी भीती बसून माणसातला आत्मा निसटून गेला आहे. डॉक्टर ‘डिप्रेशन आहे का’ विचारतो, ती नाही म्हणते. ‘नेर्व्हिओस होतात का’ विचारलं तर कदाचित तासभर बोलेल. जो डॉक्टर हे शब्द अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतो, तो स्वतःच्या हाताने दार बंद करतो.

त्यात भाषेचा एक मोठा घोटाळा. सरकारी अर्जावर ती ‘हिस्पॅनिक’ आहे, म्हणजे स्पॅनिश भाषिक गटातली. पण तिची मायबोली स्पॅनिश नाही, माम आहे. माम ही माया कुळातली भाषा, आणि ओकलंडमध्ये माम बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. दवाखान्यात फोनवर जो दुभाषी मिळतो तो स्पॅनिशचा. बाजारहाट, मजुरी, बस यांपुरती तिची स्पॅनिश चालते. सातव्या वर्षी रात्री काय वाटायचं, हे त्या भाषेत तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही. ‘तोदो नोर्माल’ हे दोन शब्द परक्या भाषेत सगळ्यात सोपे आहेत.

आणि सर्वात शेवटचं, सगळ्यात खरं कारण: भीती. हा कागद कुठे जाणार? मी ‘हो’ लिहिलं तर माझं बाळ काढून नेतील का? तिच्याकडे कागदपत्रं नाहीत. बाळ इथे जन्मलं म्हणून ते अमेरिकन नागरिक आहे, ती नाही. २०१७ ते २०२१ या काळात सीमेवर पाच हजारांहून जास्त मुलं आईबापांपासून तोडली गेली. त्यांतली सर्वाधिक चर्चा झाली ती २०१८ च्या ‘झिरो टॉलरन्स’ धोरणाची, म्हणजे बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसावर खटला भरण्याच्या धोरणाची. ती दृश्यं तिने टीव्हीवर पाहिली आहेत. तिला ते राजकारण वाटलं नाही. तिला स्वतःचं सातवं वर्ष दिसलं.

बाळ रडतं तेव्हा

इथवर भूतकाळ झाला. पण प्रश्न आजचा आहे: आईच्या बालपणी जे झालं ते बाळापर्यंत पोचतं कसं?

आपल्या शरीरात धोक्याचा एक भोंगा असतो. साप दिसला की मेंदू भोंगा वाजवतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, छाती धडधडते, हातपाय तयार होतात. साप गेला की भोंगा थांबतो. ही चांगली व्यवस्था आहे. लहान मुलाचा भोंगा मात्र स्वतःहून थांबत नाही, त्याला मोठ्या माणसाने थांबवावं लागतं: उचलून, छातीशी धरून, पाठीवर थोपटून. हार्वर्डमधल्या जॅक शोनकॉफ यांच्या गटाने यावरून ताणाचे तीन प्रकार सांगितले. थोडा ताण, जो वाढीला लागतोच. मोठा ताण, पण सोबत आधार असलेला, म्हणून सोसण्याजोगा. आणि तिसरा, मोठा आणि लांबलेला ताण, ज्यात आधाराचं माणूस नाही किंवा आधाराचं माणूसच साप आहे. या तिसऱ्याला ते विषारी ताण म्हणतात. त्यात भोंग्याची कळच सैल होते. पुढे साध्या आवाजालाही तो वाजतो.

आता ही सैल कळ घेऊन वाढलेली मुलगी आई होते. मध्यरात्री बाळ किंचाळतं. तान्ह्या बाळाचं रडणं तसंही कुणाच्याही काळजाला हात घालणारं असतं. हिच्या शरीराला मात्र ते रडणं म्हणजे धोक्याची सूचना वाटते. हात गार पडतात, कानात दडे बसतात. कधी ती ओरडते. बहुतेक वेळा ती ओरडत नाही. ती सुन्न होते. लंगोट बदलते, दूध पाजते, सगळं करते, पण चेहऱ्यावर काही उमटत नाही.

हा निर्विकार चेहरा बाळाला कसा भासतो, हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. प्रयोग साधा होता. आई बाळाशी हसत-बोलत खेळते. मग दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. मग तोंड फिरवतं. मग कोसळून रडतं. पण ट्रॉनिक यांच्याच कामातली दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. अगदी सुखी, निरोगी मायलेकरंही एकत्र असतात तेव्हा बहुतेक वेळ एकमेकांशी नीट जुळलेली नसतात. सूर चुकतो, पुन्हा लागतो. बाळ त्या पुन्हा लागण्यावर वाढतं. ज्या आईला रात्री दोन वाजता वाटतं की मी वाया गेलेली आई आहे, तिला हे कुणीतरी सांगायला हवं.

कुणी म्हणेल, मग हे सगळं रक्तातूनच येतं की काय? ‘आघात जनुकांतून पुढच्या पिढीत जातो’ अशा बातम्या खूप फिरतात. प्राण्यांमध्ये तसे काही धागे दिसले आहेत. माणसांमधला पुरावा अजून कच्चा आहे, नमुने लहान आहेत. मला त्या बातम्यांची काळजी वाटते, कारण त्यातून आईला ऐकू येतं ते एवढंच: तुझं रक्तच बिघडलेलं आहे. प्रत्यक्षात रोजचे रस्ते पुरेसे आहेत: सैल झालेली कळ, न ओळखलेलं नैराश्य, अपुरी झोप, भाड्याची चिंता, एकटेपण.

एकटेपणाबद्दल थोडं. लॅटिन अमेरिकेत बाळंतिणीचे पहिले चाळीस दिवस पाळतात, त्याला कुआरेन्तेना म्हणतात. आपला सव्वा महिनाच. पोट बांधायचं, थंड खायचं नाही, कोंबडीचा गरम रस्सा प्यायचा, आणि घर आई-सासू-बहिणींनी सांभाळायचं. ओकलंडमध्ये सव्वा महिना पाळायचा कुणी? हातावर पोट असलेली बाई तिसऱ्या आठवड्यात कामावर जाते. ज्या चाळीस दिवसांत तिच्या आज्यांनी एका नव्या आईला घडवलं असतं, ते दिवस तिच्या वाट्याला येतच नाहीत.

जी पुन्हा तसं करत नाही, ती

१९७५ साली सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. त्यातली प्रतिमा आजही वापरली जाते: बाळाच्या खोलीतली भुतं. आईबापांच्या विसरलेल्या भूतकाळातले न बोलावलेले पाहुणे येतात आणि तोच जुना खेळ नव्या बाळासोबत सुरू करतात. पण फ्रायबर्गना खरा प्रश्न वेगळाच पडला होता. मार खाल्लेल्या कित्येक आया आपल्या मुलांना मारत नाहीत. हे कसं?

त्यांना जे उत्तर सापडलं ते मला या सगळ्या विषयाचं काळीज वाटतं. दोन्ही प्रकारच्या आयांना घटना आठवत असतात. "बाप पट्ट्याने मारायचा" हे दोघीही सांगू शकतात. फरक असा की एकीला त्या वेळचं दुःखही आठवतं, ती भीती, तो अपमान, ते थरथरणं. दुसरीला फक्त घटना आठवते. भावना कुठेतरी पुरलेली असते. जिला आपल्यातलं ते रडणारं पोर आठवतं, तिचा हात उगारला गेला तरी मध्येच थांबतो.

आता ‘तोदो नोर्माल’कडे या नजरेने पाहा. तो शून्य म्हणजे काही झालंच नाही असं नव्हे. जे झालं त्याच्यापासून भावना तोडून ठेवली, म्हणून ती इथवर जिवंत पोचली. सोळाव्या वर्षी मालगाडीच्या टपावर रडत बसून चालत नाही. आग्वान्तारने तिला वाचवलं. पण तेच आता बाळाच्या आणि तिच्या मधे येतं.

संशोधनात एक कोडं नेहमी मांडलं जातं. लॅटिन अमेरिकेतून नव्याने आलेल्या लोकांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण, अमेरिकेतच जन्मलेल्या लॅटिनो लोकांपेक्षा कमी आढळतं. वाईट अनुभवांचे आकडेही बऱ्याच पाहण्यांमध्ये कमी निघतात. काही जण म्हणतात, ही घट्ट कुटुंबांची आणि श्रद्धेची ताकद. काही म्हणतात, लोक सांगतच नाहीत. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि एकच बाजू धरणारा या बायकांवर अन्याय करतो. फक्त ताकद पाहिली तर मदत पोचत नाही. फक्त जखम पाहिली तर इतक्या दुःखातून एक घर उभं करणारी बाई दिसत नाही. खुद्द अँडा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं की त्या दहा प्रश्नांतून निघणारा आकडा समाजाच्या पातळीवर उपयोगी आहे. एका माणसाचं भविष्य सांगायला किंवा उपचार ठरवायला तो बनवलेला नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने सरकारी विम्यातून या चाचणीसाठी डॉक्टरांना दर वेळी २९ डॉलर द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण विचारून झाल्यावर पुढे हात धरायला कुणी नसेल, तर नुसतं विचारणं हीसुद्धा एक जखम होते.

मग काय उपयोगी पडतं?

सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये अॅलिसिया लिबरमन यांनी फ्रायबर्गची वाट पुढे नेली. लिबरमन मूळच्या पाराग्वेच्या, स्पॅनिश त्यांची स्वतःची भाषा. त्यांच्या पद्धतीत आई आणि मूल दोघांना एकत्र बसवतात, साधारण आठवड्यातून एकदा, वर्षभर. मूल खेळतं, रडतं, चावतं, आई गोंधळते, समुपदेशक दोघांच्या मधे दुवा होतो. "तो तुम्हाला मारतो तेव्हा तुम्हाला कोण आठवतं?" असा एखादा प्रश्न, आणि मग बराच वेळ शांतता. काळजीपूर्वक केलेल्या तुलनात्मक चाचण्यांमध्ये या पद्धतीने मुलांचा आणि आयांचा, दोघांचाही त्रास कमी झाल्याचं दिसलं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोतच पेरूहून आलेले मानसशास्त्रज्ञ रिकार्डो मुन्योस यांनी गरोदर बायकांसाठी ‘मामास इ बेबेस’ हा शिक्षणक्रम सुरू केला. त्याला उपचार म्हणत नाहीत, वर्ग म्हणतात, म्हणून लाज वाटत नाही. आज मूड कसा आहे, कशाने बरं वाटलं, बाळाला काय कळतं, असं साधं बोलणं. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये बाळंतपणाच्या आगेमागे येणारं नैराश्य टाळण्यासाठी अशा कार्यक्रमांची शिफारस केली, आणि त्यात याचं नाव होतं.

आणि प्रोमोतोरा. या त्याच वस्तीतल्या बाया असतात, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या, दारोदार जाणाऱ्या. आपल्या आशाताईंना ओळखणाऱ्याला त्यांची किंमत वेगळी सांगायला नको. डॉक्टरला ‘नॉर्मल’ म्हणणारी बाई प्रोमोतोरासमोर मक्याचं पीठ मळता मळता बोलून जाते.

तरी दाराबाहेरची भीती कुठलाच उपचार घालवू शकत नाही. २०१९ मध्ये असा नियम जाहीर झाला की सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्ड नाकारलं जाऊ शकतं. तो २०२१ मध्ये मागे घेतला गेला, पण मधल्या काळात ज्यांना तो लागूच नव्हता अशा कुटुंबांनीही मुलांचं अन्न आणि औषधं सोडली. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी अटक टाळण्याचं धोरण रद्द झालं. दवाखान्याच्या दारात पकडलं जाऊ शकतं असं ज्या आईला वाटतं, तिला मन मोकळं करा म्हणून सांगणं म्हणजे वादळात खिडकी उघडायला सांगणं आहे. हे धोरण आणि तिचा धडधडणारा भोंगा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

शेवटी एक दुसरा कागद. २०१८ मध्ये अँजेला नारायण, लिबरमन आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या १०१ गरोदर बायकांसोबत एक वेगळी यादी वापरली. त्यातही दहा प्रश्न, पण उलट्या दिशेचे. ज्याच्याजवळ सुरक्षित वाटायचं असं एक तरी माणूस होतं का? एक तरी जिवाभावाची मैत्रीण? शेजारी चांगले होते का? एखादे शिक्षक? मनाला धीर देणारी श्रद्धा? शाळा आवडायची का? मौजमजा करायला मिळायची का? घरात जेवणाची, झोपण्याची ठरलेली वेळ होती का? ज्यांची ‘हो’ जास्त, त्यांच्यात आघाताची लक्षणं कमी दिसली. बालपणी बरंच सोसलेल्या बायकांतही.

आपल्या आईला हा कागद मिळतो. पहिल्याच प्रश्नाला ती थांबते. मग आजीबद्दल सांगू लागते. आजी पहाटे चारला उठायची. रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजलेला मका पाट्यावर वाटायची. हातावर तोर्तिया थापायची. तो थापण्याचा आवाज कानावर आला की कळायचं, आजी आहे, उजाडतंय, आता भीती नाही. बोलता बोलता ती खाली बाळाकडे बघते आणि स्पॅनिश सोडून माममध्ये बोलू लागते. फोनवरचा दुभाषी विचारतो, "त्या काय म्हणाल्या? मला ही भाषा येत नाही." समुपदेशक त्याला सांगतात, थोडं थांबा, त्या बाळाशी बोलताहेत.